बोरमाळेतले 22 मणी: एका कामाची पूर्ण हकीकत

हे 2025 मधलं काम आहे. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळखीच्या दोन-चार खुणा बदलल्यात, आणि ज्या आजींची ही माळ आहे त्यांना नातीने हे सगळं आधी वाचून दाखवलंय. त्यांनी दोन गोष्टी काढायला सांगितल्या, त्या काढल्या. बाकी जसं झालं तसं लिहिलंय, माझ्या चुकांसकट, कारण दागिन्यांच्या कामात असणाऱ्या कोणालाही त्या उपयोगी पडतील असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

मी दागिने डिझाइन करते. गिरगावात एका जुन्या इमारतीत माझी छोटी खोली आहे, कारागीर झवेरी बाजारात बसतो. काम दोन तऱ्हेचं असतं. एक पोटापाण्याचं, म्हणजे अंगठ्या, कानातली, लग्नाच्या ऑर्डरी. दुसरं ज्याला आता सगळे कंटेम्पररी ज्वेलरी म्हणतात ते, म्हणजे दागिना किती तोळ्याचा यापेक्षा तो कोणाचा आहे, काय सांगतो, आज अंगावर का घालायचा असल्या प्रश्नांवरून निघणारं काम. युरोपात हे 1960 च्या दशकापासून चाललंय. आपल्याकडे ह्या कामाचं खरं कच्चं सामान म्हणजे घराघरात डब्यात पडलेलं जुनं सोनं, कारण मुलींना ते घालायचं तर असतं पण आईसारखं किंवा आजीसारखं नाही घालायचं.

तर अशीच एक मुलगी आली. 29 वर्षांची, ऐरोलीला आयटीत, आईवडील डोंबिवलीला, डिसेंबरात लग्न. सोबत आई होती. पिशवीतून स्टीलचा डबा, डब्यात मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली बोरमाळ. ही तिच्या आजीची, म्हणजे आईच्या आईची. आजींचं लग्न 1964 चं, तेव्हा अंगावर आलेली माळ. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवरच्या विणकामाला, होते, घर चिंचपोकळीला चाळीत. आजी आता ऐंशीच्या घरात, मुलाकडे बदलापूरला असतात. माळ इतकी वर्षं त्यांच्याकडेच होती, नातीचं लग्न ठरल्यावर काढून दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बोरमाळेचा मणी बोराएवढा, बहुतेक वेळा आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत लाख भरलेली असते. सोन्याचा पत्रा पातळ, लाखेमुळे चेपत नाही. त्यामुळे नुसतं वजन करून त्यात सोनं किती हे कळत नाही, लाख काढावी लागते आणि लाख काढायची म्हणजे तापवावं लागतं, मणी गेलाच.

मुलीला हवं होतं की ही माळ मोडून त्यातून रिसेप्शनला घालायचा एक चोकर करायचा, मॉडर्न, पण "आपला वाटला पाहिजे". तिने दाखवलेले फोटो पाहून मी हो म्हटलं. बोलता बोलता ती एक वाक्य बोलून गेली, "आजी म्हणाली होती मोडू नकोस, तशीच घाल, पण तिला काय ताई, ती जुन्या वळणाची आहे." मी हसून मान डोलावली. असं प्रत्येक दुसऱ्या घरात कोणीतरी म्हणालेलंच असतं. ह्या पूर्ण प्रकरणातला पहिला वळणाचा मुद्दा तो होता आणि मी तो ऐकून सोडून दिला.

दुसरी चूक लगेच पाच मिनिटांनी. काही मणी काळपट दिसत होते, मी मळ समजले. काट्यावर माळ 31 ग्रॅम भरली. मी स्लिप लिहिली, "बोरमाळ, सोन्याची, 1 नग, वजन 31 ग्रॅम लाखेसकट", खाली सही. मणी मोजले नाहीत, कस लावला नाही, फोटोसुद्धा काढला नाही. घरातल्या आजीची माळ, समोर मुलगी आणि आई बसलेल्या, कसोटीचा दगड काढणं मला उद्धटपणाचं वाटलं.

अडचण

तिसऱ्या दिवशी दुपारी कारागिराचा फोन. तो पश्चिम बंगालमधल्या मेदिनीपूरचा, माझ्याबरोबर नऊ वर्षं आहे, एरवी फोनवर कधी बोलत नाही. "दीदी, इसमें पीतल है."

मी झवेरी बाजारात पोचले तेव्हा त्याने माळेचा दोरा गाठीपाशी कापून मणी ताटलीत ओतलेले होते आणि दोन ढीग केलेले होते. एका ढिगात 19, दुसऱ्यात 22. बावीसमधल्या एकाला त्याने कानस मारून नायट्रिक ऍसिडचा थेंब टाकून दाखवला, हिरवा फेस आला, म्हणजे पितळ, वर मुलामा. आम्ही सगळे मणी खालच्या मजल्यावर कॅरेट मीटरवर, म्हणजे धातूत सोनं किती ते दाखवणाऱ्या यंत्रावर, नेले. बावीसमध्ये तांबं आणि जस्त, सोनं नावाला. बाकीच्या 19 मण्यांचं रीडिंग 58 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 14 कॅरेट. जुन्या माळेकडून माझी अपेक्षा 22 कॅरेटची, म्हणजे 91.6 ची होती.

मी घरी फोन केला. आईंना पहिल्यांदा समजलंच नाही मी काय सांगतेय. संध्याकाळी सातला मुलीचा मामा ऑफिसवरून थेट माझ्याकडे आला, पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याने माझीच स्लिप टेबलावर ठेवली. "मॅडम, सोन्याची असं तुम्ही लिहिलंय. माझी आई खोटा दागिना घालायची असं तुम्हाला म्हणायचंय का?" मग 58 चा आकडा ऐकल्यावर तो आणखी चिडला, कारण जुनं सोनं एवढं हलकं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलेलं, दागिना कारखान्यात जाऊन आला आणि निम्मा पितळेचा निघाला, मग माणूस दुसरं काय समजणार.

तेव्हाचे पर्याय आणि मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट

त्या रात्री माझ्यासमोर तीन रस्ते होते. एक, 22 मण्यांचे पैसे भरून विषय संपवायचा. मणी अर्ध्या ग्रॅमचा धरला तर 11 ग्रॅम, बावीस कॅरेटने लाखाच्या पुढे जात होतं. मी ते कसंतरी उभं केलं असतं, पण पैसे दिले म्हणजे अदलाबदल आमच्याकडेच झाली हे कबूल केल्यासारखं, आणि बाजारात अशी गोष्ट दोन दिवसांत चार गल्ल्या फिरते. दोन, पोलिसात जा म्हणायचं, काय व्हायचं ते होऊ दे. पण मग पहिली चौकशी कारागिराची झाली असती, आणि परगावचा कारागीर, भाड्याच्या गाळ्यात पाचजणांबरोबर राहणारा, त्याचं कोण ऐकणार. तीन, मामाकडे चार दिवस मागायचे आणि खरं काय ते शोधायचं.

मी चार दिवस मागितले. मामा हो म्हणाला पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं की विश्वास नाही.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारागिराकडे गेले आणि त्याला म्हटलं, ड्रॉवर उघडून दाखव. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तो काही बोलला नाही. ड्रॉवर उपसला, अंगातला शर्ट झटकला, खिसे उलटे केले, बॅग उघडली, आणि शेवटी टेबलाखालचा धुळीचा डबा काढून वर ठेवला. झवेरी बाजारात कोणी केर टाकत नाही हे आमच्या धंद्यातल्यांना माहीत असतं, कानशीचा चुरा, लादीवरची धूळ, हात धुतलेलं पाणी, सगळ्यात सोन्याचा कण असतो म्हणून सगळं साठवतात आणि नंतर गाळायला देतात. त्या डब्यात, सगळ्यात वर, त्याने परवा कापलेला दोरा होता. तो मी उचलला. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं, बहुतेक त्याच्या डोळ्यांकडे बघायचं नव्हतं म्हणून हाताला काहीतरी हवं होतं.

दोरा

भुलेश्वरला एक पटवेकरी काका आहेत, माझ्या सगळ्या माळा तेच गाठवतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. मी त्यांच्याकडे मणी घेऊन गेले, म्हटलं काका हे मणी किती जुने असतील बघा. त्यांनी मण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, "दोरा कुठाय?"

मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो पांढऱ्या कागदावर सरळ केला, दोन्ही टोकांवर तांब्याची वजनं ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे अगदी जवळ नेऊन टोकापासून टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाले, हा आमच्या लोकांचा दोरा नाही. आम्ही रेशीम वापरतो. हे सूत आहे, सात-आठ पदर एकत्र पिळून मेण लावलेलं, घरी बसून कोणीतरी केलंय, आणि गाठ बाईच्या हातची आहे. सूत कुठलं विचारलं तर म्हणाले, "हे गिरणीतलं. वायंडिंगच्या कोनावरचं, म्हणजे सूत गुंडाळायच्या शंकूवरचं असणार, बाजारातलं एवढं एकसारखं नसतं."

मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं ते मला जन्मभर विसरता येणार नाही. दोरा सगळीकडे सारखा मळलेला नव्हता. काही भागात हिरवट काळा डाग होता, पार सुताच्या आत मुरलेला, आणि काही भागात नुसता पिवळट मळ. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसाच घामाने पितळ कळकतं आणि तो कळक मण्याच्या भोकातून दोऱ्याला लागतो. सोन्याच्या मण्याखाली दोरा असा हिरवा होत नाही. काकांनी मणी शेजारी ठेवून मापं घेतली. एका टोकापासून अकरा मण्यांएवढा भाग हिरवा. मग नऊ मण्यांएवढा स्वच्छ. मग फक्त एका मण्याएवढा हिरवा, बरोबर मध्यावर. मग दहा स्वच्छ, मग शेवटचे दहा हिरवे. बेरीज 41. आमचे मणी 41.

म्हणजे पितळेचे मणी त्या दोऱ्यात कित्येक वर्षं बसलेले होते. दोन दिवसांत असा डाग पडत नाही, कोणी पाडूही शकत नाही.

58 टक्क्यांचं कोडंही मग सुटलं, आणि ते मला आधीच सुचायला हवं होतं. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते, आणि 14 कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनार त्या काळात देशोधडीला लागले. ही 14 कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, पुढे 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला तो 1990 पर्यंत होता. आजींचं लग्न 1964 चं. त्या सोनाराने कायदा पाळून माळ घडवली होती, आणि साठ वर्षांनी आपण ती भेसळ म्हणत होतो.

आजींनी सांगितलं ते

मी मामाला फोन करून म्हटलं, दोरा घेऊन येते, आजींसमोरच बोलू. तो नको म्हणत होता, आईला ह्या वयात त्रास नको. मुलीने हट्ट धरला. रविवारी आम्ही सगळे बदलापूरला.

मी कागदावर चिकटवलेला दोरा आजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ काही नाही. मग नातीला म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं बाय, मोडू नको म्हणून."

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हे आपण वाचलेलं असतं. आजींनी सांगितलं ते असं, की पहिले दोन महिने गावाहून तांदूळ आला, शेजारी उसने देत होते, काही वाटलं नाही. मग उसने देणारेही संपले. मग त्या दोन-दोन, तीन-तीन मणी काढून विकायला लागल्या, चाळीतलं कोणी जात नसे अशा सोनाराकडे. आणि जेवढे मणी काढले तेवढे मुलाम्याचे मणी भुलेश्वरहून आणून त्या जागी ओवायच्या, रात्री, सगळे झोपल्यावर, आजोबांनी कधीकाळी आणलेल्या सुतात. टोकाकडून काढत गेल्या कारण टोकं मानेमागे पदराखाली जातात. पुढून दिसणारे मणी सोन्याचेच ठेवले.

"हळदीकुंकवाला चार बायका आल्या की आधी गळ्याकडे बघायच्या. एकेकीचा गळा रिकामा होत गेला. माझा नाही झाला."

आजोबांना माहीत होतं का, मुलीने विचारलं. आजी म्हणाल्या, त्यांनी कधी विचारलं नाही.

मग मी विचारलं, विचारायला नको होतं, की आजी हा मधला एक कसा काय, तो तर अगदी समोर दिसतो. त्या म्हणाल्या, मधला मणी सगळ्यात मोठा होता, जड होता, त्याचे जास्त आले. दहावीच्या फॉर्मचे पैसे भरायचे होते. मामाची दहावी 1983 ची. मामा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

आता पुढे काय, ह्यावर झालेला विचार

संशय मिटला, पण माळ सुटी पडलेली, लग्न तीन महिन्यांवर, आणि घरात प्रत्येकाचं मत वेगळं.

मुलीच्या आईचं म्हणणं, 19 मणी वितळवून त्यात भर घालून नवीन, चांगला, हॉलमार्कचा दागिना करा. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडी नंबराशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख-क्रमांकाशिवाय, दुकानदाराला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि आईंना तो नंबरच हवा होता, म्हणजे पुन्हा आयुष्यात असा घोळ नको. त्यांचं चूक नव्हतं. त्या चार दिवसांत त्यांनी भावाचं आणि माझं दोघांचं ऐकून घेतलं होतं.

मामाला 22 च्या 22 मणी सोन्याचे करून माळ पुरी करायची होती, खर्च सगळा त्याचा. तो हे बोलताना कोणाकडे बघत नव्हता. कारागिरीच्या बाजूने हे जमण्यासारखं होतं, 14 कॅरेटमध्येच करायचे म्हणजे रंग जुळला असता, घडणावळ थोडी जास्त.

आणि तिसरं मत माझं होतं. मला ही माळ प्रदर्शनात हवी होती. काळा घोड्याजवळच्या एका गॅलरीत आमच्या पाच-सहा जणांचं प्रदर्शन ठरलेलं, विषय नेमका ओळख आणि दागिना. माझ्याकडे तोवर काय होतं तर नथीच्या आकाराची चांदीची ब्रोच, कोल्हापुरी साजातली पानं मोठी करून केलेली कानातली, चंद्रकोर. आम्ही मराठी डिझायनर ओळख म्हटलं की आकार उचलतो, कारण आकार कागदावर काढता येतो. आणि इथे माझ्या हातात अशी वस्तू होती की तिच्यातलं जे खरं आहे ते कागदावर काढताच येणार नाही. म्युनिकला काम करणारे स्विस दागिनेकार ऑटो कुन्झली यांचं 1980 चं एक कडं आहे, काळ्या रबराच्या नळीत सोन्याचा गोळा बंद केलेला, बाहेरून फक्त फुगवटा दिसतो, नाव "सोनं आंधळं करतं". सोनं आत आहे ह्यावर विश्वास ठेवावा लागतो. आजींनी त्याच सुमाराला चिंचपोकळीच्या खोलीत बरोबर उलटं केलं होतं, सोनं पुढे आणि त्याचं नसणं मागे. मी रात्री जागून स्केचेस केली. पितळेचे मणी ऑक्सिडाइज करून काळे करायचे, दोरा काचेच्या पेटीत, खाली संपाची माहिती.

हे मी आजींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मी चाळीत कोणाला कळू दिलं नाही. तू काचेत ठेवून गावाला दाखवणार?"

मी समजावायचा प्रयत्न केला, की आजी ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट अभिमानाची गोष्ट आहे, लोकांना कळायला हवी. हे मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा त्या गप्प राहिल्या. परतीच्या लोकलमध्ये मुलगी मला म्हणाली, "ताई, तिला लाज वाटत नाहीये. तिचं ते काम अजून चालू आहे, आणि आपण ते मोडतोय." मला कुर्ल्यापर्यंत बोलता आलं नाही.

काय केलं

स्केचेस बाजूला ठेवली. गॅलरीला कळवलं की ते काम येणार नाही, ब्रोच आणि कानातली पाठवली.

मग आजींना विचारलं, तुम्हीच सांगा काय करायचं. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता. त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. म्हणाल्या, माळ होती तशीच्या तशी गाठवा, मणी ज्या जागी होते त्याच जागी. फक्त उजवीकडे सोन्याचा एक जास्त आहे ना, दहा आहेत ना तिकडे, तर त्यातला कडेचा काढा. तो हिला द्या. आणि त्या जागी पितळेचा घाला.

मामा म्हणाला, आई मी सोन्याचा आणून देतो ना. आजी म्हणाल्या, नको, पितळेचाच.

काकांनी कागदावरच्या दोऱ्याच्या मापावरून क्रम लावला. कोणता सोन्याचा मणी नेमका कितवा हे काही आता कळण्यासारखं नव्हतं, ते कापलं तेव्हाच गेलं. पण मुलीच्या फोनमध्ये तिने मला पहिल्यांदा भेटायच्या आधी पाठवलेला एक धूसर फोटो होता, त्यात पुढच्या सात-आठ मण्यांवरचे पोचे ओळखता येत होते, तेवढे तरी जागेवर गेले. पितळेच्या मण्यांना नवा मुलामा द्यायचा का यावर थोडी चर्चा झाली. मी नको म्हटलं, आजी म्हणाल्या पुसून घ्या फक्त. भुलेश्वरहून एक नवा मुलाम्याचा मणी आणला, तो इतरांपेक्षा जास्त चमकतो, लगेच ओळखू येतो. आता क्रम असा, अकरा पितळ, नऊ सोनं, मध्ये एक, नऊ सोनं, अकरा पितळ. काका गाठ मारताना म्हणाले, आत्ता कुठे माळ दोन्हीकडून सारखी झाली.

मुलीचा तो एक मणी. लाख आत तशीच ठेवली, आच कुठेच लावली नाही. मला त्याला सोन्याची टोपी, कडी वगैरे करायचा मोह होत होता, केलं नाही. पांढरं सूत, बारा पदर पिळून मेण दिलेलं, त्यावर काकांच्या हातच्या 40 गाठी मण्यांएवढ्याच अंतरावर, आणि बरोबर मध्यावर, एकविसाव्या जागी, हा मणी. काका सुताला तयार नव्हते, म्हणाले मुंबईच्या घामात वर्षभरात कुजेल, रेशीम घ्या. मुलगी म्हणाली, कुजू दे, दरवर्षी येईन बदलायला. रिसेप्शनला तिने ह्याच्याबरोबर दुसरं काही घातलं नाही. सासरच्या काही बायकांना ते अगदीच साधं वाटलं, एकीने विचारलं सोनं नाही घातलं का, आणि मुलीने नुसतं हसून उत्तर दिलं. मला नंतर वाटलं, आजींचं शांत राहणं तिच्यात उतरलंय.

चोकर झालाच नाही. मी घडणावळ फक्त काकांच्या कामाची घेतली.

आज असतं तर वेगळं काय केलं असतं

सगळ्यात आधी स्लिप. पोलीस पंचनाम्यात "पिवळ्या धातूचे दागिने" असं लिहितात, सोन्याचे नाही. मला आधी ते हास्यास्पद वाटायचं. आता माझ्या स्लिपवरही तेच असतं, आणि मणी मोजून, गिऱ्हाइकासमोर कस लावून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून मगच सही होते. लोकांना राग येत नाही. उलट बरं वाटतं.

कापण्याआधी दोरा बघायचा. ठुशी असो, बोरमाळ असो, तन्मणी असो, कोणी गाठवलंय, कशात गाठवलंय, कुठे झिजलंय, कुठे दुरुस्ती झालीये, हे सगळं त्या दोऱ्यावर असतं आणि कात्री लागली की पाच सेकंदात जातं. आम्हाला तो परत मिळाला तो केवळ झवेरी बाजारात केरसुद्धा टाकत नाहीत म्हणून.

"आजी नको म्हणाली" हे वाक्य ऐकलं की आता मी तिथेच थांबते आणि आजींशी फोन लावून मागते. नऊपैकी सात वेळा त्यांचं कारण भावनिकच असतं, ते ऐकून पुढे जाता येतं. उरलेल्या दोन वेळा त्यांना असं काहीतरी माहीत असतं जे घरात दुसऱ्या कोणाला माहीत नाही.

प्रदर्शनाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे ओढतं. अशा गोष्टी संग्रहालयात असायला हव्यात असं मला आजही वाटतं, गिरणगावातल्या बायकांच्या गळ्यातून काय काय गेलं ह्याची कुठेतरी नोंद हवी. पण ते आजींच्या गळ्यातलं होतं, आणि त्या हयात आहेत, आणि त्यांनी नाही म्हटलं. हे लिहायला त्यांनी हो म्हटलं कारण ह्यात फोटो नाही. मी विचारलं, फरक काय आजी? म्हणाल्या, वाचणारा माझ्या गळ्याकडे बघत नाही.

आणि कारागीर. मी त्याची माफी मागितली, दोरा सापडला त्याच दिवशी, काकांच्या दुकानातून थेट त्याच्याकडे जाऊन. तो "ठीक है दीदी" म्हणाला आणि कामाला लागला. ड्रॉवर उघडायला लावण्याऐवजी मी त्याच्यासमोर बसून विचारायला हवं होतं की आपण दोघांनी हे कसं शोधायचं, कारण पितळ आहे हे सांगणारा तोच होता, चोरायचं असतं तर फोन कशाला केला असता. एवढी साधी गोष्ट मला त्या सकाळी सुचली नाही. काम अजून माझ्याचकडे करतो. बोलतो पूर्वीपेक्षा कमी.

परवा गेले तर त्याच्या टेबलावर छोट्या प्लास्टिकच्या पिशव्यांची रांग होती, खिळ्याला लावलेली. प्रत्येकीत एक-एक जुना दोरा, वर बंगालीत तारीख आणि गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर. मी सांगितलं नव्हतं.